हिरव्या पानाच्या बाटलीला भुलू नका: घरातलं क्लीनिंगचं सामान निवडायचं कसं

दोन वर्षांपूर्वी सिंकखाली गळती झाली म्हणून कपाट रिकामं करावं लागलं, तेव्हा मोजल्या तर अकरा बाटल्या निघाल्या. भांड्यांचं लिक्विड, काचेचं निळं पाणी, बाथरूमचं, टॉयलेटचं, फरशीचं लेमनवालं, फरशीचंच पण लॅव्हेंडरवालं (ते ऑफरमध्ये मिळालं होतं), पांढरं फिनाईल, काळं फिनाईल, ब्लीच, दुकानदाराने नुसतं "ॲसिड" म्हणून दिलेली बिनलेबलची बाटली, आणि एक कसली ते आजवर कळलेलं नाही. त्याच सुमारास आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींच्या बोटांची सालं निघायला लागली होती, त्या काही बोलल्या नाहीत पण चहाचा कप धरताना हात आखडता घेतात ते दिसत होतं.

मग काय, मी एकदम जोशात सगळं इको-फ्रेंडली करायचं ठरवलं आणि ऑनलाइन १८०० रुपयांचं किट मागवलं. कागदी खोका, त्यावर हिरवी पानं, आत सहा बाटल्या. वापरून वापरून महिन्याभराने लक्षात आलं की सहापैकी चार बाटल्यांत साधारण एकच वस्तू आहे, फक्त वास वेगळा. तर पुढचं सगळं मी पैसे घालवून, एक ओटा खराब करून आणि एक बरणी फोडून शिकलेय, तुम्हाला ते करायची गरज नाही.

१. पहिले पंधरा दिवस काहीही विकत घेऊ नका

हो, खरंच. घरात आहे ते सिंकमध्ये ओतून देऊन नवीन आणणं यात पर्यावरणाचं काय भलं होणार, ते शेवटी नाल्यातच जातं ना, तेही एकदम सगळं. जे आहे ते नेहमीसारखं वापरून संपवा आणि तेवढ्या दिवसांत एका कागदावर लिहून काढा की कुठली बाटली कशासाठी लागते, किती दिवसात संपते. आमच्याकडे अकरातल्या चार वर्षभर हलल्याच नव्हत्या.

पण संपवायच्या नादात दोन उरलेल्या बाटल्या एकत्र करू नका! हा सगळ्यात मोठा धोका म्हणून आधीच सांगते. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र आले की क्लोरीन गॅस तयार होतो, कारण टॉयलेट क्लीनर बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड घातलं तरी तेच, म्हणजे "नैसर्गिक" वस्तू आहे म्हणून सुटका नाही. ब्लीच आणि अमोनियावाला काचेचा क्लीनर हेही एकत्र नको. छोटं बाथरूम, दार बंद, एक्झॉस्ट बंद, अशात हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

२. तुमच्याकडे पाणी येतं कुठून आणि जातं कुठं

हे कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं पण अर्धं गणित इथंच आहे. आम्ही पुण्याजवळ वाघोलीच्या बाजूला राहतो, उन्हाळ्यात टँकर, एरवी बोअर. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, म्हणून नळांवर तो पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, आणि फेस येत नाही म्हणून आपण अजून साबण ओततो. माझी बहीण कोल्हापुरात नदीच्या पाण्यावर आहे, तिला माझ्या निम्मी पावडर पुरते. त्यामुळे कुणी नेटवर "एक चमचा घाला" म्हटलं तर तो चमचा तुमच्या पाण्याला लागू आहे का ते बघायला लागतं. पाणी जड आहे का हे कळायला लॅब नको, एका बाटलीत पाणी घ्या, साध्या अंगाच्या साबणाचे चार तुकडे टाका, जोरात हलवा. फेस आला तर बरं, दुधट पाणी आणि वर साय आली तर जड.

जातं कुठं हेही तितकंच महत्त्वाचं. मोठ्या सोसायट्यांत स्वतःचा सांडपाणी प्रकल्प असतो, तिथलं पाणी फ्लशला आणि बागेला फिरतं. गावाकडे, बंगल्यांत सेप्टिक टँक असतो. दोन्ही ठिकाणी घाण पचवायचं काम जिवाणू करतात, आणि आपण रोज कपभर ब्लीच नि फिनाईल ओतून त्यांनाच मारत असतो, मग टाकी तुंबली की महापालिकेला शिव्या. सेप्टिक टँकवाल्यांसाठी अजून एक गोष्ट: स्वस्त डिटर्जंटमध्ये जो मुख्य घटक असतो, एलएएस किंवा बाजारात ज्याला ॲसिड स्लरी म्हणतात त्यापासून केलेला, तो हवा खेळत असेल तिथं चांगला विघटित होतो, पण सेप्टिक टँकमध्ये हवाच नसते, तिथं तो तसाच पडून राहतो.

आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो त्याचे फोटो दरवर्षी वारीच्या आसपास फिरतात, ते बघून मला पण अपराधी वाटायचं. त्यात कारखान्यांचं पाणी आहे, प्रक्रिया न केलेलं मैलापाणी आहे, सगळं खापर आपल्या भांड्याच्या लिक्विडवर फोडायचं कारण नाही. पण आपला वाटा शून्य आहे असंही नाही. डिटर्जंटमधलं फॉस्फेट हे पाण्यातल्या वनस्पतींना खतासारखं असतं, मैलापाण्यातल्या नायट्रोजनबरोबर ते नदीत गेलं की जलपर्णी फोफावते. पवना-मुळा-मुठेवर दर उन्हाळ्यात जो हिरवा गालिचा दिसतो ना, तो.

३. डाग कसला आहे ते ओळखा, मग वस्तू निवडा

हे एक जरी डोक्यात बसलं तरी अकराच्या चार बाटल्या होतात. घरात घाण मुळात चारपाच प्रकारचीच असते.

पांढरा खरखरीत थर, नळाचे डाग, किटलीतलं कीट, टॉयलेटमधली पिवळट रेघ: हे क्षार. त्याला आंबट लागतं. सायट्रिक ॲसिड, व्हिनेगर, लिंबू.

तेल, तूप, चिमणीचा चिकटपणा, कॉलरचा मळ: याला उलट हवं, म्हणजे सोडा किंवा साबण. धुण्याचा सोडा जास्त जोरदार, खाण्याचा सोडा मवाळ.

रक्त, दूध, अंडं, घाम: हे प्रोटीन. गार पाण्यात भिजवायचं, गरम पाणी घातलंत की डाग शिजून पक्का. एन्झाइमवाली पावडर इथं खरंच काम करते.

हळद, चहा, डाळिंब, टाइल्समधल्या फटींची काळी बुरशी: रंगाचे डाग. ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, गरम पाण्यात. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडा सुटतो, वापरल्यानंतर क्लोरीन वगैरे काही मागे राहत नाही. हळदीला मात्र सगळ्यात स्वस्त ब्लीच म्हणजे ऊन. धुवून उन्हात टाका आणि बघा.

आता सगळ्या रील्समध्ये दाखवतात तो खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफस करायचा प्रकार. बघायला छान वाटतं, पण एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि खाली जवळजवळ खारट पाणी उरतं. आधी सोड्याने घासा, धुवा, मग पाहिजे तर व्हिनेगर. एकत्र केलंत तर दोन्हीचे पैसे वाया.

४. ओटा आणि फरशी कशाची आहे ते आधी बघा

इथं मी आपटले. सासूबाईंच्या वाईच्या घरी जुना कडप्प्याचा ओटा, मी हौसेने त्यावर व्हिनेगर मारून "हे बघा आई, एकदम नॅचरल" म्हणत दहा मिनिटं ठेवलं. पुसल्यावर काळ्या दगडावर राखाडी नकाशा. तो आजही तसाच आहे आणि पाहुणे आले की त्यावर ताट ठेवलं जातं, काही बोलत नाहीत त्या, पण ताट ठेवताना माझ्याकडे बघतात.

कारण सोपं आहे: कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड. जे आंबट नळावरचा क्षार विरघळवतं तेच दगडही खातं. त्यामुळे या चारांवर लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड, बायोएन्झाइम (फळांच्या साली आंबवून केलेलं पाणी) काहीही नको, नुसतं साबणाचं पाणी. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइल्स चालतात. ग्रॅनाईटला सहसा काही होत नाही पण मी तिथंही रोज आंबट लावत नाही. दगड कुठला ते माहीत नसेल तर फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा. तिथली चमक गेली तर समजा चुनखडी.

दुसरं, ॲल्युमिनियमला सोडा लावू नका, काळं पडतं. त्याला उलट आंबट आवडतं, म्हणून तर कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची साल टाकतात.

५. लेबल वाचताना

"केमिकल-फ्री" लिहिलेलं दिसलं की मी बाटली परत ठेवते. पाणी पण केमिकल, मीठ पण केमिकल, ज्याला एवढं माहीत नाही किंवा माहीत असून लिहितोय त्याच्यावर बाकीचं काय विश्वासाने घ्यायचं. "नॅचरल" हा शब्दही फार काही सांगत नाही. रिठ्याचंच घ्या, शंभर टक्के झाडाचं फळ, पण त्यातलं सॅपोनिन माशांना गुंगी आणतं, पूर्वी ओढ्यात मासे धरायला रिठ्याचा चेंदा टाकायची पद्धत होती. म्हणजे नैसर्गिक आहे म्हणून बादल्याच्या बादल्या ओढ्यात ओता असं नाही.

मग बघायचं काय?

घटकांची पूर्ण यादी. बऱ्याच पाकिटांवर नसतेच, जो देतो त्याला माझे अर्धे मार्क तिथंच. यादीत डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, लॉरिल ग्लुकोसाइड असं काही दिसलं तर चांगलं, ही साखर आणि वनस्पती तेलापासून केलेली, लवकर विघटित होणारी आणि हाताला सौम्य. एसएलईएस, एसएलएस (बऱ्याच लिक्विडांतले फेस आणणारे, मळ काढणारे घटक) म्हणजे विष असं काही नाही, विघटित होतात, पण हात कोरडे करतात.

"बायोडिग्रेडेबल" असेल तर किती दिवसात? खरी चाचणी असते ती ओईसीडी ३०१ नावाची, २८ दिवसांत साधारण ६० ते ७० टक्के विघटन झालं तर त्या घटकाला लवकर विघटित होणारा म्हणतात. काही कंपन्या हे लिहितात. नुसता शब्द लिहून पान काढलेलं असेल तर कस्टमर केअरला मेल टाकून विचारा, मी तिघांना विचारलं होतं, एकाने रिपोर्ट पाठवला, एकाने डिस्काउंट कूपन पाठवलं, तिसऱ्याचं उत्तर अजून यायचंय.

फॉस्फेट-फ्री आहे का. ट्रायक्लोसान नाही ना, अँटीबॅक्टेरियल म्हणून मिरवणाऱ्या वस्तूंत बघा. ऑप्टिकल ब्रायटनर नाही ना, हे कपड्यावर बसून पांढरेपणाचा भास करतात आणि पाण्यात गेले की लवकर मोडत नाहीत. "फ्रॅग्रन्स" किंवा "परफ्यूम" या एका शब्दात काय काय असू शकतं ते कंपनीलाच माहीत, घरात दमा किंवा त्वचेचा त्रास असेल तर बिनवासाचं घ्या.

सरकारी शिक्का म्हणाल तर इकोमार्क आहे, १९९१ पासून, चिन्ह मातीच्या मडक्याचं. २०२४ मध्ये त्याचे नवीन नियम आले. पण क्लीनिंगच्या वस्तूंवर मला ते मडकं क्वचितच दिसलंय. त्यामुळे मडकं नाही म्हणून वस्तू वाईट असं धरू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने खोट्या हिरव्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यानुसार इको-फ्रेंडली, ग्रीन वगैरे लिहायचं तर पुरावा पाहिजे. फसवणूक वाटली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. आणि हे शिक्के बघून फसू नका: व्हीगन, क्रुएल्टी-फ्री, डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड, आयएसओ ९००१. चारही चांगल्या गोष्टी असतील पण नदीत गेल्यावर त्या बाटलीचं काय होतं याच्याशी त्यांचा संबंध नाही.

६. एवढंच सामान आणा

- सायट्रिक ॲसिड, खाण्याच्या दर्जाचं, अर्धा किलो. वर्ष जातं.
- धुण्याचा सोडा १ किलो. किराणा दुकानात सुट्टा मिळतो.
- खाण्याचा सोडा, घरात असतोच.
- सोडियम परकार्बोनेट अर्धा किलो, ऑनलाइन.
- भांड्यांसाठी एक लिक्विड किंवा वडी, वरच्या पायरीतल्या कसोटीवर बघून.
- कपड्यांसाठी एक एन्झाइमवाली, फॉस्फेट नसलेली पावडर.
- रिठे पाव किलो, हौस असेल तर.
- काथ्या किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. हिरवा नायलॉनचा स्क्रबर झिजतो म्हणजे त्याचं प्लास्टिक कुठंतरी जातंच ना.
- जुन्या सुती बनियनची, चादरीची फडकी. विकतच्या पुसण्यापेक्षा जास्त पाणी शोषतात.
- दोन स्प्रे बाटल्या (रिकाम्या झालेल्या काचेच्या क्लीनरच्या चालतात, स्वच्छ धुवून), पेन आणि चिकटपट्टी.
- रबरी हातमोजे दोन जोड. एक तुमचा, एक मावशींचा.

व्हिनेगर मी मुद्दाम लिहिलं नाही. सायट्रिक ॲसिड स्वस्त पडतं, वास नाही, आणि दर वेळी प्लास्टिकची बाटली घरात येत नाही.

७. भांडी

तेलकट कढई थेट सिंकमध्ये नको. आधी बेसनाचा डबा झटकून जे उरतं ते किंवा जुनं पीठ लावून पुसून घ्या, ते तेल सगळं ओढतं, नि ते कचऱ्यात. आमच्या आजीची तेलाचा बुधला साफ करायची हीच पद्धत. मग निम्म्यापेक्षा कमी साबण लागतो आणि पाइपही तुंबत नाही.

लिक्विड थेट स्क्रबरवर पिळू नका, एका वाटीत चमचाभर लिक्विड, वर वाटीभर पाणी, त्यात बुडवून घासा. या एका सवयीने आमची बाटली महिन्याऐवजी अडीच महिने गेली. फेस कमी दिसतो, दिसू दे. फेस हा स्वच्छतेचा पुरावा नाही, फेस यावा म्हणून वेगळा घटक घातलेला असतो.

गावी चूल असेल तर राख सगळ्यात भारी, लाकडाच्या राखेत अल्कली असते ती तेलाचा साबण करते. पण ज्या चुलीत प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड जाळलंय तिची नको, आणि नॉनस्टिकवर तर नकोच. देवाची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, आमसुलाने किंवा फ्रिजमध्ये विसरलेल्या आंबट ताकाने घासा, लगेच धुवा आणि कोरडी करा, ओली ठेवलीत तर तासाभरात परत डाग.

८. कपडे

पाणी जड असेल तर मशीनमध्ये एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि डिटर्जंट नेहमीच्या निम्मं, असं करून बघा. सोडा पाण्याचं जडत्व काढतो आणि डिटर्जंटला मळाकडे लक्ष देता येतं. रेशीम आणि लोकरीला सोडा आणि एन्झाइम दोन्ही नको, तीही प्रोटीनच, एन्झाइम डागाबरोबर कापड पण खायला बघतं. त्यांच्यासाठी रिठा.

रिठ्याचं पाणी असं: दहाबारा रिठे फोडून बिया काढा, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरावीस मिनिटं उकळा, गार झाल्यावर कुस्करून गाळा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर दोन दिवसांत आंबतं. डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं. सराफ दागिने धुतात तेही यातच. पांढऱ्या शर्टांना मात्र याने हळूहळू पिवळट झाक येते, नवऱ्याचे तीन शर्ट त्यात गेले, त्याने अजून माफ केलेलं नाही. आणि पैठणी वगैरे मी घरी धुवायच्या भानगडीत पडत नाही.

फॅब्रिक सॉफ्टनर बंद करा, टॉवेल पाणी शोषायचे थांबतात ते त्याच्यामुळेच. हात मोकळा ठेवला की पावडरचा डोसही जास्त जातो, पाकिटातल्या स्कूपवर मार्करने रेघ मारून ठेवा. डांबरगोळ्याही कपाटातून काढा, विशेषतः लहान बाळ असेल तर. वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरतो, फक्त दर पावसाळ्यानंतर बदलायचा.

९. टॉयलेट आणि बाथरूम

रात्री झोपताना कमोडमध्ये तीनचार मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, वर मगभर गरम पाणी (उकळतं नको, सिरॅमिक तडकू शकतं), सकाळी ब्रशने घासा. जुना जाड थर असेल तर एका रात्रीत जाणार नाही, तीनचार वेळा करावं लागेल. इथंच लोक कंटाळून परत ॲसिडकडे जातात. ते सुट्टं पिवळट ॲसिड थर काढतं खरं, पण टाइल्समधलं सिमेंट आणि नळांचं क्रोमही खातं, आणि त्याची वाफ छातीत जाते. नळांना सायट्रिकच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून अर्धा तास ठेवा, एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे हे प्रमाण. किटली, गिझरचा शॉवर, सगळ्याला तेच.

आरशाला ओलं वर्तमानपत्र. बस. त्यासाठी निळी बाटली कशाला.

१०. फरशी

रोजच्या फरशीला खरं तर साधं पाणी पुरतं. आठवड्यातून दोनदा बादलीत भांड्याच्या लिक्विडचे चारपाच थेंब. घरात मांजर असेल तर काळं फिनाईल आजच बाहेर काढा, मांजरांच्या यकृताला फिनॉलसारखे पदार्थ पचवता येत नाहीत, ती ओल्या फरशीवरून चालतात आणि पंजे चाटतात. टी ट्री तेलसुद्धा मांजरांना वाईट, "नॅचरल" फ्लोअर क्लीनरमध्ये असतं, बघून घ्या.

पुसलेलं पाणी झाडांना घालणार असाल तर त्यात धुण्याचा सोडा नको, सोडियमने माती बिघडते.

११. बायोएन्झाइम करायचंय?

सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कुणीतरी संत्र्याच्या सालींचा फोटो टाकतं. प्रमाण सोपं आहे, १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी, म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी, आणि तीन महिने थांबायचं. मोसंबी-संत्री-लिंबाच्या साली घ्या, कांदा किंवा शिजलेलं अन्न घालू नका, सडतं.

माझी चूक: काचेची बरणी, घट्ट झाकण, मे महिना, आणि आम्ही आठ दिवस गावाला. आलो तर बाल्कनीभर काचा आणि साली. आत गॅस होतो, म्हणून प्लास्टिकचीच बाटली, पाव भाग रिकामी, आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस काढायचा.

काम करतं का? करतं, पण चमत्कार नाही. मुख्यतः ते घरगुती व्हिनेगरसारखं आंबट पाणी असतं, नाव एन्झाइम असलं तरी काम आम्लाचं. म्हणजे टाइल्सला, सिंकच्या क्षाराला ठीक, तेलाला फारसं नाही, आणि कडप्पा-शहाबादीला अजिबात नाही. साली वाया जात नाहीत एवढ्यासाठी मी अजूनही करते.

१२. घासणाऱ्या माणसाला विचारलंत का?

हे मी शेवटी केलं, खरं तर पहिलं करायला पाहिजे होतं. मी परस्पर लिक्विड बदललं आणि आठ दिवसांत बाटली संपली, कारण फेस येत नाही म्हणून मावशी तिप्पट घेत होत्या. त्यांना चार घरची भांडी आहेत, आपल्या प्रयोगासाठी त्यांच्याकडे जास्तीची पंधरा मिनिटं नाहीत. मग एक दिवस दोघींनी मिळून घासली, वाटीतलं पातळ लिक्विड त्यांनाच करायला दिलं. "ताई, हे हाताला झोंबत नाही," हे त्या स्वतःहून म्हणाल्या तेव्हा ते टिकलं. हातमोजे मात्र त्या वापरत नाहीत, भांडं निसटतं म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, मलाही जमत नाही. बाथरूमसाठी तेवढे वापरतात. काथ्या त्यांना माझ्यापेक्षा छान वळता येतो.

१३. ब्लीचची एक बाटली ठेवा

घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या, ताप आला, तर लिंबू-सोडा करत बसू नका. व्हिनेगर आणि सायट्रिकचं घरगुती पाणी हे रोगजंतू मारायचं भरवशाचं औषध नाही. तेव्हा आधी साबणाने पुसून घेऊन मग बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पातळ केलेलं ब्लीच वापरा, खिडकी उघडी ठेवून. आमच्याकडे वर्षात दोनदा लागलं असेल. रोज लागत नाही एवढंच.

आणि त्या स्प्रे बाटल्यांवर चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहा, आजच. थंड पेयाच्या बाटलीत काहीही भरून ठेवू नका, लहान मुलं काय नि रात्री तहान लागलेला मोठा माणूस काय, दोघंही लेबल वाचत नाहीत. परकार्बोनेट पाण्यात कालवून झाकण लावून ठेवायचं नाही, तेही गॅस सोडतं. लागेल तेवढंच कालवा, उरलं तर मोरीत ओता, मोरी पण स्वच्छ होते.